माळव्याची अफू : व्यापार आणि व्यसन

माळव्यातील महाराष्ट्रीय वसाहतीचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या दौलती कशा उभ्या राहिल्या, इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, धार, देवास या शहरांत मराठी कुटुंबे कशी स्थिरावली, तेथील दरबार, घाट, देवालये, गायन आणि नाटक यांचा विकास कसा झाला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात ज्या पिकाने या प्रांताचे नाव थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोचविले, त्या अफूविषयी आमच्या इतिहासलेखनात फारसे काही सापडत नाही. जेथे सापडते तेथे ते महसूल आणि जकात यांच्या प्रकरणात सापडते. पेट्या किती गेल्या, जकात किती आली, भाव किती चढला, हे सर्व तेथे असते. अफू खाणारा माणूस मात्र नसतो.

ही उणीव केवळ आमच्या ग्रंथांची नव्हे. ज्या कागदपत्रांवरून हे ग्रंथ लिहिले गेले त्या कागदपत्रांतच ती आहे. अफूचा हिशेब ठेवणाऱ्याला अफूच्या वजनात रस होता, ती खाणाऱ्यात नव्हता. म्हणून व्यसनाचा प्रसार किती होता, हे शोधावयाचे असेल तर कचेरीच्या दप्तराइतकेच दप्तराबाहेर राहिलेल्या पुराव्याकडे पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास जे चित्र दिसते ते अपेक्षेहून फार निराळे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम जुन्या साक्षी पाहू. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफूचा उल्लेख नाही. शार्ङ्गधर, भावमिश्र यांसारख्या उत्तरकालीन ग्रंथकारांच्या वेळी मात्र ‘अहिफेन’ या नावाने ती वैद्यकात रूढ झालेली दिसते. अरब व्यापाऱ्यांच्या द्वारे ती या देशात आली, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. सोळाव्या शतकापर्यंत खंबायतच्या बंदरातून ती पूर्वेकडे जाऊ लागली होती, आणि त्या मालाचा मोठा भाग माळव्यात पिकत असे. इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथात अफूवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अहमदनगरच्या निजामशाहाच्या पदरी असलेल्या एका खुरासानी चिटणिसाची हकीकत त्यात आली आहे. हा गृहस्थ मोठा विद्वान आणि लेखनात निपुण. परंतु नवख्या माणसाचा प्राण जाईल इतकी अफू तो रोज खात असे आणि सदैव पेंगत असे. सवयीने मात्रा वाढते आणि वाढलेली मात्रा चुकली म्हणजे जीव कासावीस होतो, ही व्यसनाची दोन्ही लक्षणे ओर्ताच्या काळातील लोकांना अनुभवाने पुरती ठाऊक होती.

याच शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त माळवा सुभ्याचे वर्णन केले. त्यात त्याने एक गोष्ट अगदी सहज नोंदविली आहे. या सुभ्यात थोर आणि सामान्य असे सर्वच लोक मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याला अफू देतात, असे तो म्हणतो. राज्याचा दप्तरी तपशील देणाऱ्या ग्रंथात हे एक वाक्य येते आणि लेखक पुढच्या विषयाकडे वळतो. इतिहासकारांनीही या वाक्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आम्ही मात्र वाचकांस ते ध्यानात ठेवण्याची विनंती करतो. कारण सव्वातीनशे वर्षांनंतर आणि माळव्यापासून बऱ्याच अंतरावर ते पुन्हा आमच्यासमोर येणार आहे.

अफूचे पीक कष्टाचे असते. माळव्याच्या काळ्या, ओलिताच्या उत्तम जमिनीत आश्विन-कार्तिकाच्या सुमारास खसखस पेरावी, वारंवार खुरपावी आणि पाणी द्यावे, तेव्हा माघ-फाल्गुनात बोंडे चिरण्याजोगी होतात. दुपारी बोंडाला बारीक चिरा द्यावयाच्या आणि रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घ्यावयाचा, असे एकेका बोंडावर अनेक वेळा करावे लागते. माळव्यात हा चीक सुकू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवीत, व पुढे व्यापारी तो मळून त्याच्या वड्या करीत. सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला सावकाराकडून पीक येण्यापूर्वीच उचल घ्यावी लागे, आणि उचल देणारा पुढे चीक आपल्याच भावाने घेई. घरात चीक, हातात चीक, आणि शेतातल्या बाईचे तान्हे बांधावर झोपविलेले. अबुल फज्लच्या वाक्याचे मूळ येथे असले पाहिजे. ज्या घरात अफू पिकते त्या घरात ती औषध म्हणूनही असते आणि उसंत म्हणूनही असते.

या घरगुती पिकाचे रूपांतर जागतिक व्यापारात झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. बंगाल आणि बिहार येथील अफूचा मक्ता वॉरन हेस्टिंग्जने १७७३ साली कंपनीच्या हाती घेतला. ही अफू चीनमध्ये विकून त्या पैशातून चहा घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. परंतु माळवा शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील पिकावर कंपनीचा हात चालत नव्हता. माळव्याची अफू स्वस्त पडे, आणि चिनी ग्राहकाला ती पसंतही पडू लागली. तेव्हा १८०५ च्या सुमारास कंपनीने मुंबई बंदरातून तिची निर्यात बंद केली. व्यापाऱ्यांनी लगेच पोर्तुगीजांच्या अमलाखालील दमणची वाट धरली. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य कंपनीच्या कह्यात आले, तरीही ही वाट बंद झाली नाही. कंपनीने स्वतः माल विकत घेऊन पाहिला, पीक मर्यादित ठेवण्याचे करार संस्थानिकांशी करून पाहिले. काहींनी ते मान्य केले. परंतु ग्वाल्हेर दरबार बधला नाही. उंटांचे तांडे पालीवरून जैसलमेरकडे, तेथून सिंधमधील कराचीस आणि कराचीहून गलबतांनी दमणला, असा शेकडो कोसांचा वळसा घालून माल जातच राहिला. अखेर १८३० मध्ये कंपनीने हार मानली आणि दर पेटीस १७५ रुपये घेऊन मुंबईमार्गे नेण्याचा परवाना देण्याची पद्धत सुरू केली.

या हकीकतीत अभिमान वाटण्याजोगा भाग नाही असे नाही. साऱ्या हिंदुस्थानावर कंपनीची पकड बसत असताना माळव्याचे शेतकरी आणि सावकार, मुंबईचे पारशी, गुजराती व इतर व्यापारी आणि दमणचे दलाल यांनी मिळून तिच्या मक्तेदारीला पंचवीस वर्षे यशस्वी शह दिला. मुंबईच्या भांडवलाचा पाया घालण्यात या व्यापाराचा वाटा मोठा होता, हे आता इतिहासकारांनी चांगलेच सिद्ध केले आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती या व्यापारात वाढली. त्यांच्या बरोबरीने नाव घेतले जाणारे रोजेरिओ द फारिया हे मूळचे गोव्याचे होते. परंतु ज्या वस्तूच्या जोरावर हा शह दिला गेला ती वस्तू अफू होती, हे विसरून या अभिमानाला जागा देता येत नाही. शह कंपनीला बसला. मात कोणावर झाली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

चीनमध्ये ती कोणावर झाली हे जगजाहीर आहे. १८३९ च्या जूनमध्ये चिनी आयुक्त लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या २०,००० हून अधिक पेट्या चुना आणि खारे पाणी यांत कालवून नष्ट केल्या. त्यांत माळव्याचा माल पुष्कळ होता, आणि त्या धक्क्याने मुंबईची बाजारपेठ हादरली. पुढे १८३९-४२ आणि १८५६-६० अशी दोन युद्धे होऊन चीनला आपली दारे उघडावी लागली. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली, आणि मग परवान्याचा दर चढतच गेला. १८३५ मध्ये स्पर्धेमुळे १२५ रुपयांवर उतरलेला हा दर १८४७ मध्ये ४०० रुपये, तर १८६१ मध्ये ७०० रुपये झाला. सुमारे १४० पौंडांच्या एका पेटीमागे ही रक्कम सरकारच्या तिजोरीत पडे. शतकाच्या मध्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारे सहावा-सातवा हिस्सा केवळ अफूतून येत होता.

या व्यवहाराचे मध्यवर्ती ठाणे इंदूर होते. रेसिडेन्सीच्या हद्दीत सरकारी काट्यावर पेट्यांचे वजन होई, परवाने मिळत, आणि मग माल आग्रा रस्त्याने सेंधव्याच्या घाटातून मुंबईकडे उतरे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १ कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडवा-इंदूर लोहमार्ग घडवून आणल्यावर हीच वाहतूक आगगाडीने होऊ लागली. इंदूरचा सराफा हा अफूच्या सौद्यांनी आणि सट्ट्यांनी गजबजलेला असे. अद्याप न पिकलेल्या पिकावर आणि अद्याप न झालेल्या लिलावाच्या भावावर तेथे पैसा लागे. संस्थानाची जकात, सावकाराचे व्याज, अडत्याची अडत, इंग्रजांचा परवाना, मुंबईच्या व्यापाऱ्याचा नफा, असे या चिकाचे हिस्से ठरलेले होते, आणि प्रत्येक हिस्सेदाराची वही चोख होती.

एवढ्या वह्यांत खाणाऱ्याची वही का नव्हती, हे १८९३ च्या रॉयल अफू आयोगाच्या कामावरून समजते. इंग्लंडमध्ये क्वेकर आणि इतर धर्मनिष्ठ मंडळींनी अफूविरुद्ध दीर्घकाळ चळवळ चालविली होती. या देशातही तिला साथ देणारे लोक होते. दादाभाई नौरोजी हे बडोद्याचे दिवाण होण्याच्या कितीतरी आधी लंडनमधील एका पेढीत भागीदार होते. ती पेढी दारू आणि अफू यांच्या व्यवहारात नफा घेते म्हणून त्यांनी तिचा त्याग केला. मराठी वाचकांनी विशेष स्मरणात ठेवावे असे दुसरे नाव सुंदराबाई पवार यांचे. पंडिता रमाबाईंच्या वर्तुळातील या बाईंनी मुंबईतील अफूची दुकाने आणि चंडूखाने यांमुळे उद्ध्वस्त झालेल्या संसारांची हकीकत इंग्लंडमध्ये गावोगावच्या सभांतून सांगितली आणि १८९२ मध्ये तेथे ब्रिटिश सरकारवर आरोप ठेवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. अफूच्या इतिहासात खाणाऱ्याच्या बायकोची बाजू मांडणारा इतका जुना आवाज दुसरा क्वचितच सापडेल. असे असूनही तिचे नाव आज मराठीत जवळजवळ विस्मृतीत गेले आहे.

या चळवळीच्या दडपणामुळे आयोग नेमला गेला. लॉर्ड ब्रॅसी त्याचे अध्यक्ष होते. ७०० हून अधिक साक्षीदार तपासले गेले. परंतु आयोगापुढे ठेवलेल्या प्रश्नांतच उत्तराची दिशा ठरली होती. अफूबंदी केल्यास महसुलाचे काय, संस्थानिकांना भरपाई किती द्यावी लागेल, आणि या बंदीचा खर्च सोसण्यास हिंदी लोक तयार आहेत काय, असे ते प्रश्न होते. अफू खाणाऱ्या देशाने ती सोडण्याची किंमतही आपल्याच खिशातून द्यावी, हे गृहीत धरून विचारलेल्या प्रश्नाला जमीनदार, संस्थानिक आणि सरकारी अधिकारी काय उत्तर देणार होते? १८९५ च्या अहवालात बहुमताने असा निर्णय दिला की, हिंदुस्थानात अफूचे सेवन सामान्यतः माफक आहे आणि सरसकट बंदीची आवश्यकता नाही. हेन्री विल्सन या एकाच सभासदाने भिन्न मत नोंदविले. चौकशीची रीतच सरकारच्या बाजूची होती, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आयोगापुढे माफक सेवनाचे उदाहरण म्हणून जे चित्र वारंवार आले, ते राजपुतांच्या कसुंब्याचे. अफू पाण्यात विरघळवून, गाळून, पाहुण्याला ओंजळीतून पाजावयाची. वैर मिटले, सोयरीक ठरली, कोणी निवर्तले, की कसुंबा व्हावयाचा. ही चाल राजस्थान, काठेवाड आणि माळव्याचा पश्चिम भाग यांत प्रतिष्ठेची होती. कर्नल टॉडने पूर्वीच या चालीने राजपूत घराण्यांचा कसा ऱ्हास झाला, हे खेदाने लिहिले होते. आयोगाच्या दृष्टीने मात्र ती एक रूढी होती. अफूबाज म्हटला की एकीकडे दरबारातला रंगेल सरदार आणि दुसरीकडे चंडूखान्यात पडलेला बेवारशी इसम, एवढ्याच दोन प्रतिमा लोकांच्या डोळ्यांपुढे असत. पहिला माफक ठरला, दुसरा अपवाद ठरला, आणि प्रश्न मिटला. परंतु अफूचा सर्वांत मोठा ग्राहकवर्ग या दोहोंपैकी कोणताच नव्हता. तो साक्षीस येऊ शकत नव्हता, कारण त्याला अद्याप बोलता येत नव्हते.

१९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी केलेल्या पाहणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करीत असता त्यांना असे आढळून आले की, या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. ‘बाळागोळी’ या लाडक्या नावाने ही अफू मिळे. या माता कोण होत्या? कोकणातून, घाटावरून मुंबईस आलेल्या, बहुतांशी मराठी बोलणाऱ्या बाया त्या होत्या. सकाळी गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वी मुलाला पाजून, एक गोळी देऊन, चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत एखाद्या म्हातारीच्या किंवा मोठ्या मुलीच्या हवाली करावयाचे आणि संध्याकाळपर्यंत ते झोपून राहील या भरवशावर साच्यावर उभे राहावयाचे, हा त्यांचा दिनक्रम होता. अबुल फज्लचे ते वाक्य आता मुंबईच्या चाळीत येऊन पोचले होते. फरक इतकाच की, तेथे शेताचा बांध होता, येथे गिरणीची पाळी होती.

या गोळीने काय होते, हे आता वैद्यकाने स्पष्ट केले आहे. अफूत सुमारे एक दशांश भाग मॉर्फिनचा असतो. ते मेंदूतील वेदनेची आणि श्वासोच्छ्वासाची केंद्रे मंदावते, आतड्यांची हालचाल थंड करते आणि भूक मारते. म्हणून गोळी दिलेले मूल रडत नाही, आणि म्हणूनच ते दूधही पुरेसे पीत नाही. ते दिवसेंदिवस वाळत जाते, पोट धरते, आणि साध्या तापाने किंवा हगवणीनेही दगावते. मात्रा किंचित अधिक झाली, तर झोपेतच श्वास थांबतो. मृत्यूच्या नोंदीत मात्र कारण म्हणून ताप किंवा अशक्तता लिहिली जाई. अफू तेथेही लिहिली जात नसे. आणि शरीर एकदा या द्रव्याला सरावले की ते मिळेनासे होताच थंडी, घाम, उलट्या, हाडांत कळा आणि निद्रानाश सुरू होतो. मोठ्या माणसाला ही यातना ‘तलफ’ म्हणून सांगता येते. तान्हे मूल केवळ किंचाळते, आणि आई त्याला पुन्हा गोळी देते. व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, ही समजूत किती वरवरची आहे, हे या उदाहरणावरून दिसून यावे. सहा महिन्यांच्या मुलाच्या मनाला कोणता दोष द्यावयाचा?

मातेला दोष देणेही तितकेच अन्यायाचे होईल. १९३१ च्या व्हिटली आयोगाने ही चाल गिरणगावांत सर्रास असल्याचे नमूद केले, आणि तिच्यावरील उपाय म्हणून गिरण्यांना जोडून पाळणाघरे काढण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आणली गेली. अफूविरुद्ध जेवढी प्रवचने झाली, त्या सर्वांपेक्षा एका पाळण्याने अधिक काम केले असेल, असे आम्हांस वाटते. ज्या दुःखावर गोळी दिली जाते त्या दुःखाची दुसरी काही व्यवस्था झाली, तर गोळीची गरज उरत नाही. आणि ती व्यवस्था न करता गोळी हिरावून घेतली, तर माणूस दुसरी गोळी शोधतो. व्यसनाच्या साऱ्या इतिहासाचे सार इतक्या थोडक्या शब्दांत सांगता येण्याजोगे आहे.

इकडे माळव्याच्या व्यापाराचा शेवट जवळ येत होता. चीन आणि ब्रिटन यांच्यात १९०७ साली झालेल्या करारानुसार निर्यात दरसाल दहाव्या हिश्शाने कमी व्हावयाची होती. प्रत्यक्षात १९१३ मध्येच ती थांबली. व्यापार आटत असताना भाव मात्र विलक्षण चढले, आणि सट्ट्यात अनेकांचे दिवाळे निघाले, तर काहींनी अगणित पैसा केला. अफूच्या सौद्यांत मोठी संपत्ती मिळविलेले इंदूरचे सर हुकुमचंद यांनी ती पुढे कापडाच्या आणि तागाच्या गिरण्यांत घातली. मुंबईच्या गिरण्यांतही अफूच्या व्यापारातून आलेले भांडवल होते. चिकाचा पैसा गिरणीत गेला, आणि गिरणीतल्या मजुरीतून दोन पैसे पुन्हा चिकाच्या गोळीवर गेले. हिशेबाच्या वह्यांत या दोन नोंदी कधीच समोरासमोर आल्या नाहीत.

निर्यात संपली, तरी देशातील परवानेबंद दुकाने चालूच राहिली. राष्ट्रसंघाने वैद्यकीय गरजेसाठी दर १०,००० लोकसंख्येस वर्षाकाठी ६ शेर अफू पुरेशी मानली होती. मुंबई, कलकत्ता आणि आसामचे कित्येक जिल्हे यांचा खप याच्या कितीतरी पट होता. आसामात काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने १९२५ मध्ये याबाबत अहवाल दिला, आणि दीनबंधू अँड्र्यूज यांनी हा प्रश्न जगापुढे मांडला. आयोगाच्या ‘माफक सेवना’चा दावा असा तीस वर्षांत निकालात निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत वैद्यकेतर सेवन बंद करण्याचे ठरविले, आणि १९५९ पासून नोंदलेल्या व्यसनी माणसांखेरीज इतरांस अफू विकणे थांबले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या सर्व नियमांना कठोर रूप दिले.

तथापि खसखशीचे शेत माळव्यातून नाहीसे झाले नाही, आणि ते नाहीसे व्हावे असेही आम्ही म्हणत नाही. मंदसोर, नीमच आणि रतलाम या जिल्ह्यांत आजही सरकारी परवान्याने हे पीक घेतले जाते. त्याचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य कार्यालय ग्वाल्हेरास आहे, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात या चिकापासून मॉर्फिन, कोडीन इत्यादी औषधे तयार होतात. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्याला मॉर्फिनसारखा दुसरा दिलासा नाही. वस्तू एकच, ती कोणाच्या हातून, कोणत्या मात्रेत आणि कशासाठी दिली जाते यावर तिचे अमृत किंवा विष होणे अवलंबून असते.

विषाची बाजू आज अधिक उग्र झाली आहे. त्याच मॉर्फिनपासून १८७४ मध्ये लंडनमध्ये प्रथम तयार झालेले आणि १८९८ पासून एका जर्मन कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून विकलेले हेरॉइन अफूहून कितीतरी तीव्र आहे, आणि परवान्याच्या शेतातून चोरट्या वाटेने वळविलेला चीक त्याच्याच कामी येतो. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार अफूवर्गीय द्रव्ये घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लक्ष, म्हणजे १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येच्या २·१ टक्के होती. त्यांत हेरॉइन घेणारे १·१४ टक्के, वेदनाशामक गोळ्या व तत्सम औषधे नशेसाठी घेणारे ०·९६ टक्के, आणि खुद्द अफू घेणारे ०·५२ टक्के आढळले. काही जण एकाहून अधिक द्रव्ये घेत असल्यामुळे या आकड्यांची बेरीज जुळत नाही. जुन्या कसुंब्याची जागा धुराने आणि सुईने घेतली आहे. त्यातला सुईचा मार्ग तर एचआयव्ही आणि यकृतशोथ यांनाही घरात आणतो.

तरीही या पाहणीत एक गोष्ट समाधानाची आहे. तिने पेट्या न मोजता माणसे मोजली. कोण घेतो, कोणत्या वयात घेतो, त्यांतल्या किती जणांना उपचाराची गरज आहे, आणि ती सोय त्यांच्यापर्यंत पोचते की नाही, हे प्रश्न तिने विचारले. १८९३ मध्ये हे प्रश्न विचारले गेले असते, तर अहवाल वेगळा झाला असता. आज तलफेची यातना सुसह्य करणारी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे उपलब्ध आहेत, अतिमात्रेने थांबत आलेला श्वास परत आणणारे नॅलॉक्सोन आहे. व्यसन हा दीर्घकाळ चालणारा, पुनःपुन्हा उलटणारा, परंतु उपचाराने आटोक्यात राहणारा रोग आहे, हे वैद्यकाला कळले आहे. समाजाला ते अजून कळावयाचे आहे. आपल्याकडे व्यसनी मुलाला आधी घराबाहेर काढतात, मग दवाखान्यात नेतात.

मराठीत ‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग आज भाषणात आणि अग्रलेखात सर्रास येतो. लोकांना भुलवून निजविणारी कोणतीही गोष्ट, असा त्याचा अर्थ होतो. परंतु ही गोळी एके काळी आमच्याच लोकांच्या घरांत, आमच्याच भाषेतले लाडके नाव घेऊन, प्रत्यक्ष तान्ह्यांच्या जिभेवर ठेवली जात होती, हे आम्ही विसरलो आहोत. रूपक उरले आणि वस्तुस्थिती पुसली गेली. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर येथील संस्थानी दप्तरांत, जुन्या पेढ्यांच्या वह्यांत, दवाखान्यांच्या आणि सूतिकागृहांच्या नोंदींत, आणि आजीच्या तोंडी राहिलेल्या आठवणींत या विषयाचे पुष्कळ साहित्य अद्याप शिल्लक असावे. त्यातून किती मण अफू गेली, हे आम्हांस पूर्वीच कळले आहे. ती कोणाच्या पोटात गेली, हे शोधून काढण्याचे काम या प्रांतातील मराठी अभ्यासकांनी आता अंगावर घ्यावे. वह्या वाळवीच्या हाती पडण्यापूर्वी आणि आठवणी सांगणाऱ्या आज्या निघून जाण्यापूर्वी ते झाले पाहिजे.